एकादशीला घेतलेलं नाव

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. मराठीच्या पुस्तकात गोष्ट संपली की खाली प्रश्न असायचा, या गोष्टीवरून तुम्ही काय बोध घ्याल. आम्ही पोरी एका सुरात सांगायचो, खोटं बोलू नये, लोभ करू नये. गुरुजी खूश आणि आम्ही मोकळ्या. त्यामुळे बोध म्हणजे मोठ्या माणसांनी आधीच ठरवून ठेवलेली शिकवण, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. पुढे कीर्तनात हा शब्द फार कानावर आला. महाराज डोळे मिटून सांगायचे, अमक्याला बोध झाला, तमक्याला गुरूने बोध केला. मी मागे बसून वाती वळायची आणि मनात म्हणायची, झाला असेल बाबा, आपल्याला उद्या कापूस वेचायला जायचं आहे. देवाचं सगळं केलं, पण हा बोध काही माझ्या वाट्याला आला नव्हता, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. त्या कार्तिकात मात्र देवाचं केलेलं सगळंच फुकट गेलं असं वाटायला लागलं. तिथूनच सांगते.

आमचं गाव एरंडोलच्या पलीकडे, अमळनेरच्या बाजूला. गावात विठ्ठलाचं देऊळ आहे. कोजागिरीपासून कार्तिकी पुनवेपर्यंत तिथे रोज पहाटे काकडा असतो. काकडा म्हणजे देवाला झोपेतून उठवणं. तुपात भिजवलेली जाड वात पेटवायची, ती देवापुढे धरायची आणि ऊठ देवा, ऊठ देवा म्हणून गायचं. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी काकडा चुकवला नाही. बाळंतपणाचं तेवढं सोडा. थंडी असो, अंगात ताप असो, मी देवाला उठवायला हजर. गाणं माझं बरं नाही, पण आवाज मोठा आहे. पुजारी चेष्टेने म्हणायचा, अक्का आल्या की देवाला झोपायची सोय राहत नाही.

त्या वर्षी पाडव्याला मी आमच्या आबांना ओवाळलं. आबा म्हणजे माझे मालक. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेची त्यांची बहीण यायची होती, म्हणून ते अंगणात बाज टाकत होते. बाज टाकता टाकता तिच्यावरच आडवे झाले. मला वाटलं दमले. जवळ जाऊन पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं आणि एक डोळा अर्धा उघडा. विलास, माझा मुलगा, त्याने गाडी काढली आणि आम्ही त्यांना जळगावला घेऊन गेलो. डोक्यात रक्त सांडलं होतं. त्याच दिवशी डोकं उघडून ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं आहे, आता झोपेचं औषध देऊन ठेवलंय, ते बंद केलं की जागे होतील.

औषध बंद केलं. आबा जागे झाले नाहीत. श्वासाचं मशीन काढलं, श्वास आपला आपण चालू राहिला, पण डोळे मिटलेले ते मिटलेलेच. डॉक्टर रोज पायाच्या अंगठ्याला चिमटा घेऊन बघायचे आणि म्हणायचे, वाट बघू. विलासने एकदा त्यांना गाठून स्पष्ट विचारलं. तेव्हा ते म्हणाले, काही माणसं उशिरा जागी होतात आणि काही होत नाहीत. लवकर झाले तर चांगलं, जितका उशीर तितकं कठीण. हे मला विलासने सांगितलं नाही. त्याचं तोंड बघून मी समजले, मग त्याला बोलायला लावलं.

मी रडकी बाई नाही. मला राग आला. सगळा जन्म मी याला पहाटे उठून उठवलं, आणि माझ्या माणसाला एकदा उठवायची वेळ आली तर हा झोपला. पिशवीत तुळशीची माळ होती ती मी तळाशी ढकलून दिली, वर आबांचे कपडे ठेवले. विलास रोज पहाटे गावातल्या कोणाला तरी फोन लावायचा, देवळातला काकडा मोबाईलवर ऐकवायचा. म्हणायचा, आई, तू पण म्हण ना. मी म्हटलं, तूच म्हण, मी देवाला उठवायचं काम सोडलंय.

आत भेटायला सकाळ-संध्याकाळ एकेकाला सोडायचे. आम्ही जाऊन हाका मारायचो. आबा, ओ आबा, डोळे उघडा. आता खानदेशात म्हातारा माणूस म्हटला की तो आबा तरी असतो, नाना तरी असतो. त्या खोलीत आमचे धरून तीन आबा होते. एकदा विलासने जोरात हाक मारली तर पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा डोळे उघडून म्हणाला, "काय शे रे? काय लावं तू सकायपाईन?" आमच्या अहिराणीत म्हणजे, सकाळपासून काय लावलंय. विलास ओशाळला. सिस्टर हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, सगळेच आबा आहेत इथे. यांना त्यांच्या नावाने हाक मारा. माणसाचा मेंदू स्वतःचं नाव लवकर ओळखतो. कागदावर तर सुपडू लिहिलंय. या नावाने घरात कोण हाक मारतं?"

कोणीच नाही. हीच तर गोष्ट होती. सासू-सासरे गेले, थोरले चुलते गेले, बरोबरीचे गडीही बरेचसे गेले. उरलेल्या सगळ्या गावाचे ते आबा. विलास बापाचं नाव घेणार कसा? त्याने प्रयत्न केला. वाकून हळूच "सुपडू" म्हणाला आणि लगेच "आबा" जोडलं, मग तोंड फिरवून उभा राहिला. आणि मी तर बायको. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला आईने सांगितलेलं, तिला तिच्या आईने. उखाण्यात घेतलं तर चालतं, म्हणून लग्नात एकदा घेतलं होतं, तेही तोंडातल्या तोंडात. पुढे रेशन दुकानदाराने विचारलं तरी मी पोराला पुढे करायची. मी पुष्कळ गोष्टी मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही. पण त्या खाटेजवळ उभं राहिल्यावर, जिथे आयुष्य आधीच दोऱ्यावर टांगलेलं होतं, तिथे नाव घ्यायची माझी छाती झाली नाही. आपल्या तोंडाने तो दोरा तुटला तर? हे सिस्टरना सांगून पटलं नसतं. मी नुसतंच म्हटलं, बघते.

बाहेर बसायची लांब बाकं होती. तिथे माझ्या शेजारी एक मारवाडी जैन बाई बसायच्या. जामनेरला त्यांचं भुसाराचं दुकान. माझ्याहून थोड्या थोरल्या असतील. त्यांचे शेठजीही आतच होते, त्यांनाही शुद्ध नव्हती, आणि त्यांचं दुखणं आमच्यापेक्षा जुनं होतं. मी त्यांना शेठाणी म्हणायची. त्या मला अक्का म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला डबा पुढे केला, मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "अक्का, उपाशी राहून नवरा उठत असता तर आमच्या समाजात एक पण माणूस आजारी नसता राहिला." आमची ओळख तिथून झाली.

नावाची गोष्ट मी त्यांना सांगितली. वाटलं, शिकलेल्या घरातल्या आहेत, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी पण नाही घेतलं कधी. आमच्यात पण असंच. सुनांना सांगते घ्या, जमाना बदलला. पण माझ्या जिभेवर नाही येत." मग त्यांनी आबांचं नाव विचारलं. मी म्हटलं, विलासला विचारा. शेठाणी म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासमोर पण नाही? बरं, उखाणा घे."

त्या बाकावर, औषधाच्या वासात, मी या वयात उखाणा घेतला. "सुपात घेतली बाजरी, पाखडून केली रास, सुपडूरावांचं नाव घेते, ऐकायला शेठाणी खास." लग्नातल्या उखाण्यात त्या जागी सासूबाई होत्या, तिथे आता शेठाणींना बसवलं. शेठाणी पदर तोंडावर धरून हसल्या. मग म्हणाल्या, "सुपडू? हे कसलं नाव?"

मी सांगितलं. आमच्या सासूबाईंची आधीची लेकरं जगली नव्हती. हे झाले तेव्हा त्यांना सुपात घातलं, घराबाहेर उकिरड्यापाशी नेऊन ठेवलं आणि नाव ठेवलं सुपडू. म्हणजे मरणाने बघितलं तर त्याला वाटावं, हे पाखडून टाकून दिलेलं आहे, याला कशाला न्यायचं. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ, सुपडू, दगडू, उखर्डू. शेठाणी म्हणाल्या, "अक्का, ज्या नावाने तुझ्या सासूने याला मरणापासून लपवलं, ते नाव घेऊन आयुष्य कमी कसं होईल?"

संध्याकाळी आत गेले तेव्हा मी चलाखी केली. आबांच्या कानाशी वाकून तोच उखाणा पुटपुटले. म्हटलं, नाव पण घेतलं आणि रीत पण राहिली. आबांची पापणीसुद्धा हलली नाही. बाहेर येऊन मी शेठाणींना म्हटलं, झालं नाही काही. त्या म्हणाल्या, "होईल कसं? तू त्याला थोडीच हाक मारली? तू स्वतःला सांभाळलं." बाई गोड बोलायची, पण वार करायची ते बरोबर जागी.

बोधाची गोष्ट त्यांच्याच तोंडून निघाली. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, कार्तिकी. मी रागात म्हटलं, उद्या देव उठणार म्हणे. चार महिने झोपतो आणि उद्या उठतो, आता आमच्याकडे बघेल तर खरं. शेठाणींना त्या एकादशीचं दुसरं नाव माहीत होतं, प्रबोधिनी. मलाही माहीत होतं, पंचांगात असतं, पण त्या शब्दाच्या आत काय आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, त्यांच्या स्थानकात, म्हणजे जैन साध्वी उतरतात तिथे, चातुर्मासाला आलेल्या महासतीजींनी प्रवचनात हा शब्द सोडवून सांगितला होता. संस्कृतात झोपेतून जागं होणं आणि एखादी गोष्ट कळणं, याला मुळात शब्द एकच आहे. त्यातूनच बोध, त्यातूनच बुद्धी, त्यातूनच ही प्रबोधिनी. मला नवल वाटलं. शाळेतला गोष्टीखालचा बोध, कीर्तनातला बोध आणि डॉक्टर पायाचा अंगठा चिमटून शोधत होते ते, हे सगळं एका घरातलं निघालं. शेठाणी म्हणाल्या, "आमच्यात म्हणतात, माणसाचा जन्म मिळेल, पैसा मिळेल, राज्य पण मिळेल. पण बोधी मिळणं फार दुर्लभ. जाग येणं सगळ्यात अवघड आहे अक्का. त्याची घाई नाही करता येत."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"हाक मारायची. उठणं त्याच्याकडे."

मी म्हटलं, तुमच्या महासतीजींना बोलायला काय जातं, त्यांना नवरा नाही. शेठाणी खो खो हसल्या आणि म्हणाल्या, हे मी त्यांना जाऊन सांगेन.

एकादशीच्या सकाळी शहरात रथ होता. रस्ते बंद व्हायचे म्हणून नर्सबाया लवकर येऊन बसल्या होत्या. आमच्या गावातही त्याच दिवशी रथ निघतो, लहान आहे पण लाकडी आहे आणि जड आहे. विलास म्हणाला, आई, जाऊन रथाचं दर्शन घेऊन ये, जवळच आहे. मी म्हटलं, देवाला माझं काम असेल तर तो येईल इथे. उपवास मात्र मोडला नाही. सवय होती म्हणून नाही मोडला.

थोड्या वेळाने शेठाणींच्या घरची माणसं जमली. त्यांच्या मुलांना डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं होतं की आता उपाय राहिला नाही, घरी न्या. गाडी खाली लागली होती. शेठाणी शेवटचं आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. माझ्याजवळ येऊन त्यांनी पिशवीतली दोन केळी काढून माझ्या हातात दिली, उपवासाला चालतात म्हणून. मग म्हणाल्या, "अक्का, मी घेतलं नाव. चंपालाल म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने."

"मग?"

"काही नाही झालं. ते झोपलेलेच." त्यांनी पदर नीट केला. "पण बघ, आभाळ पण नाही पडलं. आता तुझी पाळी."

एवढं बोलून त्या जिन्याने उतरून गेल्या. मी केळी हातात घेऊन उभी. त्या बाईचं दुःख त्या वेळी माझ्यापेक्षा मोठं होतं. तिचा माणूस घरी जात होता तो मरायला. आणि तिने काय केलं, तर जाता जाता मला वाट करून दिली. ज्या पाण्यात पाय टाकायला मी भीत होते, त्यात ती आधी उतरली आणि पलीकडून सांगून गेली की बुडत नाही. मी पुष्कळ साधुसंत पाहिले, त्यांच्या पाया पडले. त्या दिवशी मी जिन्याच्या पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला. विलासने विचारलं, काय सांडलं का? मी म्हटलं, नाही.

मग मी आत गेले. ती वेळ माझी नव्हती, पण सिस्टरनी अडवलं नाही. खिडकी बंद होती तरी लांबून ढोल-ताशाचा आवाज येत होता. शहरातला रथ कुठल्यातरी चौकात आला असेल. तो आवाज कानावर आला आणि मला आमचं गाव आठवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षाचं. इथे एक सांगायला पाहिजे. रथाला दोर लावून पन्नास-साठ गडी ओढतात, पण रथ नुसता ओढून चालत नाही. तो उतारावर पळतो, वळणावर घरांवर जातो. त्याला आवरायला चाकाच्या बाजूने माणसं चालतात, त्यांच्या हातात मोगरी असते. मोगरी म्हणजे लांब दांड्याचं लाकडी ठोकळं. रथ थांबवायचा, वळवायचा झाला की नेमक्या वेळी ते चाकाखाली सरकवायचं. थोडा उशीर झाला तर हात चाकाखाली जातो. आमचे आबा तरुणपणी मोगरीवाले होते, आणि गावात त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. मी नवी नवरी, घराच्या ओट्यावर सासूच्या मागे उभी. दोर ओढणारे घामाने भिजलेले गडी ओरडायचे, "ए सुपड्या, मोगरी लाव!" त्या गर्दीत, त्या गुलालात, माझ्या नवऱ्याचं नाव सगळं गाव घेत होतं. फक्त मला घ्यायचं नव्हतं. मी पदराखाली ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं होतं, आवाज न काढता.

मी खाटेजवळ गेले. आबांचा उजवा हात चादरीवर पडला होता, बोटं अर्धवट मिटलेली. मी वाकले नाही, कानाशी गेले नाही. ओट्यावरून हाक मारावी तशी उभ्यानेच, काकड्याला लावते त्या आवाजात म्हटलं, "ए सुपड्या, मोगरी लाव."

सिस्टर दचकल्या. पलीकडचा आबा परत जागा झाला. आणि माझ्या माणसाचा उजवा हात चादरीवर पुढे सरकला. थरथरत नव्हता, वळवळत नव्हता. सरळ पुढे गेला आणि थांबला, जसा तो चाकाखाली लाकूड सरकवून थांबायचा. मी परत हाक मारली. हात परत सरकला. सिस्टर डॉक्टरांना आणायला पळाल्या.

मी तिथेच खाली बसले. ढोल वाजत होता. माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूची सूज उतरत होतीच, एक-दोन दिवसांत प्रतिसाद येणार असा त्यांचा अंदाज होता. ते खोटं बोलत नव्हते. चांगला माणूस होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि तुमच्याशीही घालत नाही. सूज उतरली, हे खरं. ती एकादशी होती, हेही खरं. आणि एक परकी बाई माझी भीती तिच्याबरोबर जामनेरला घेऊन गेली होती, हेही खरं. यातलं कोणतं किती, ते मोजायला माझ्याकडे माप नाही.

दिवस मावळायच्या आत आबांनी डोळे उघडले. नजर भिरभिरत होती. मी पुढे झाले. ओठ हलले, आवाज फुटेना, मग फुटला. "कोन शे?"

"मी शे," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "रथ निंघना का?"

"निंघना," मी म्हटलं, म्हणजे निघाला.

"मोगरी कोन लाई ऱ्हायना?"

गडी मरणाच्या दारातून परत आला होता आणि त्याला काळजी कशाची, तर रथ कोण सांभाळतो. मी म्हटलं, "शेतस ना बठ्ठा पोऱ्या. तुम्ही निजा." म्हणजे सगळी पोरं आहेत तिथे. त्यांनी डोळे मिटले. मी घाबरून परत हाक मारली, तर डोळे न उघडताच म्हणाले, "निजू दे ना माय." तेव्हा मी पिशवीच्या तळातून माळ काढली.

आबा घरी यायला वेळ लागला. डावा पाय अजून ओढतात, बोलताना शब्द शोधावा लागतो. पण ते आहेत. जरा उभं राहता येऊ लागलं तेव्हा मी विलासला घेऊन जामनेरला गेले. शेठजी घरी नेल्यावर थोड्या दिवसांतच गेले होते. मला तिथे जायची लाज वाटत होती. आपलं ताट भरलेलं घेऊन रिकाम्या ताटासमोर कसं बसायचं? शेठाणींनी मला बघितलं आणि मी बसायच्या आधी विचारलं, "उठले?"

मी मान हलवली. त्यांनी हात जोडले, मला नाही, वर. मग शेजारी बसवून घेतलं. मी म्हटलं, शेठाणी, हाक दोघींनी मारली, माझा उठला आणि तुमचे गेले, असं का? मी हा प्रश्न रस्ताभर मनात धरून आणला होता. त्या म्हणाल्या, "ते मला नाही माहीत. पण अक्का, त्यांच्या कानात नवकार मंत्र म्हटला तेव्हा मध्ये मी त्यांचं नाव पण घेत होते. मरायच्या आधी बायकोच्या तोंडून नाव ऐकून गेले. न घेता गेले असते तर मला जन्मभर बोचलं असतं. आता नाही बोचत." मग मला म्हणाल्या, चहा घेणार का, की उखाणा घेतल्याशिवाय नाही घेणार. आम्ही दोघी हसलो. घरात अजून दुखवटा होता, सुना बघत राहिल्या.

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. सुटला असं मी म्हणत नाही. पण परत येताना गाडीत मला एक कळलं, ते सांगते. जन्मभर मी देवाला उठवायचं काम माझं आहे असं समजत होते, आणि तो उठला नाही तर राग धरायला मी मोकळी. रथाच्या दोराला धरलेल्या माणसालाही असंच वाटतं, आपणच ओढतोय. त्याला पुढचं वळण दिसत नसतं. त्याने जोर लावायचा आणि हाक मारायची, एवढंच त्याच्याकडे आहे. चाकाखाली लाकूड कधी सरकवायचं, रथ कुठे थांबवायचा, हे दुसऱ्याच्या हातात. दोर सोडून घरी जाणं म्हणजे शरण जाणं नाही. दोर धरून ठेवायचा आणि मोगरीवाल्यावर विश्वास ठेवायचा, हे शरण जाणं. एकाचा रथ अजून चालवायचा असतो, एकाचा देवळाशी पोहोचलेला असतो. शाळेतल्या पुस्तकात याला बोध म्हटला असता की नाही, मला माहीत नाही. पण हा मला कोणी ठरवून दिलेला नाही.

यंदा कार्तिकात मी परत काकड्याला जायला लागले. देवाला उठवते, पण पूर्वीसारखं बजावून नाही. घरी येते, चूल पेटवते आणि आबांच्या बाजेजवळ उभी राहून हाक मारते, "सुपडूराव, उठा." नाव घेते, पण अहोजाहो सुटलेलं नाही, ते या जन्मी सुटणार नाही. शेजारणी कुंपणापलीकडून ऐकतात आणि म्हणतात, अक्का, म्हातारपणी फार धीट झाल्या. आबा लगेच उठत नाहीत. कधी दुसऱ्या हाकेला हूं म्हणतात, कधी तिसऱ्या. तेवढ्या वेळात मी काही मागत नाही, उभी असते. मग बाज करकरते.